१२५ मेगाहर्ट्झला नापास झालेला बोर्ड: दोष शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पावडर कोटिंग केलेल्या धातूच्या पेटीत तुमचा कंट्रोलर आहे. २४ व्होल्टचा सप्लाय, एक शील्ड असलेली इथरनेट केबल आणि छोटा डिस्प्ले. ३ मीटर अंतरावर क्लास बीची (घरगुती वापरासाठीच्या कडक मर्यादेची) रेडिएटेड एमिशन चाचणी, म्हणजे उपकरण हवेत किती रेडिओ गोंगाट सोडतं त्याची मोजणी, झाली तेव्हा १२५ मेगाहर्ट्झला तो ६ डीबीने आणि १७५ला ४ डीबीने मर्यादेच्या वर गेला. २२५ला काठावर वाचला. ईएसडीच्या, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्याच्या, चाचणीत ४ किलोव्होल्टच्या कॉन्टॅक्ट डिस्चार्जला डिस्प्ले हँग झाला आणि वीज बंद करून चालू केल्यावरच परत आला. इथरनेट कनेक्टरचं धातूचं कवच साधारण २० मिलिमीटरच्या वायरने पेटीच्या स्क्रूला जोडलं आहे, असंही तुम्ही लिहिलंय. आता पेटी बदलायची की बोर्ड नव्याने आखायचा, स्टँडर्ड नेमकं कोणतं लागू होतं, आणि लॅबमध्ये पुन्हा दिवस घेण्याआधी टेबलावर काय तपासता येईल, हे तुम्हाला हवं आहे.

पेटी बदलू नका, आणि बोर्डालाही एवढ्यात हात लावू नका. तुमच्या दोन्ही नापासांचं मूळ मला एकच दिसतं: ती २० मिलिमीटरची वायर.

आधी लॅबचे आकडे वाचू, कारण निम्मं निदान त्यातच लिहिलेलं असतं. १२५, १७५, २२५ या तिन्ही २५च्या विषम पटी आहेत: पाचवी, सातवी, नववी. म्हणजे उगम २५ मेगाहर्ट्झच्या चौकोनी क्लॉकमध्ये आहे, आणि १०० मेगाबिट इथरनेटची चिप व तिचा क्रिस्टल नेमके तिथेच चालतात. आकडे १२५, २५०, ३७५ असे आले असते तर मी गिगाबिटच्या १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉककडे वळलो असतो. दोष सप्लायच्या स्विचिंगचा असता तर सुईसारखी शिखरं दिसली नसती, रुंद टेकाड दिसलं असतं, आणि तेही बहुधा १०० मेगाहर्ट्झच्या खाली. लॅबकडून फक्त पास-नापासचा कागद घेऊन येऊ नका, पूर्ण आलेख मागा. शिखरांमधलं अंतर मोजलं की गुन्हेगार कोण ते बहुतेक वेळा घरबसल्या कळतं.

पण गोंगाट कोण करतो हे कळलं म्हणजे तो बाहेर कसा पडतो हे कळलं असं नाही, आणि आपल्याला दुसऱ्याचंच उत्तर हवंय. ३ मीटरवर क्लास बीची मर्यादा ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये ४० डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, म्हणजे दर मीटरला अवघे १०० मायक्रोव्होल्ट. बोर्डावरच्या १ चौरस सेंटिमीटरच्या लूपने १२५ मेगाहर्ट्झला एवढं क्षेत्र निर्माण करायचं तर त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर वाहायला हवेत. मीटरभर लांबीच्या केबलवरून कॉमन मोडने, म्हणजे केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने, तोच गोंगाट निघाला तर २ ते ३ मायक्रोअँपिअर पुरतात. दोन-तीन हजार पटींचा फरक आहे हा! म्हणून २५० मेगाहर्ट्झच्या खाली कुणी नापास झालं की मी बोर्डाकडे नंतर बघतो, आधी केबलींकडे बघतो. केबल ही अँटेना असते आणि बोर्ड तिला खाऊ घालतो.

आता तुमची वायर. सरळ वायरचं इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरतात, म्हणजे तुमचे २० नॅनोहेन्री झाले. १२५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा येतो जवळजवळ १६ ओहम. मल्टिमीटर तिथे शून्य दाखवेल, आणि डीसीपुरतं ते खरंही आहे. पण शील्डवरच्या प्रवाहाला पेटीत शिरायला १६ ओहमची वाट मिळाली की त्यातला काही भाग पेटीत जातच नाही, केबलच्या बाहेरच्या अंगावरून निघून जातो. शील्ड असूनही केबल अँटेना होते ती अशी.

ईएसडीला हीच वायर उलट्या बाजूने भोवते. आयईसी ६१०००-४-२ या ईएसडी चाचणीच्या स्टँडर्डमध्ये झटका देणाऱ्या गनच्या आत १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ३३० ओहमचा रेझिस्टर असतो, आणि पहिल्या शिखराचा प्रवाह दर किलोव्होल्टला ३.७५ अँपिअर धरला आहे. ४ किलोव्होल्टला १५ अँपिअर झाले, तेही ०.८ नॅनोसेकंदात चढणारे. २० नॅनोहेन्रीवर त्याचा गुणाकार करून पाहा: सुमारे ३७५ व्होल्ट. निमिषभरासाठी तुमच्या कनेक्टरचं कवच पेटीपेक्षा इतकं वर जातं, आणि बोर्डाचं ग्राउंड त्या कवचाला जोडलेलं असेल तर तेही सोबत उचललं जातं. डिस्प्लेची चिप ३.३ व्होल्टवर चालते. ती हँग होणार नाही तर काय होईल? गोंगाट ज्या वाटेने बाहेर पडतो, झटका त्याच वाटेने आत येतो. एमिशन आणि इम्युनिटी (बाहेरचा त्रास सोसण्याची क्षमता) ही दोन वेगळी दुखणी समजून दोन वेगळी औषधं शोधणारे इंजिनिअर मी खूप पाहिले, आणि त्यांचे महिने वाया जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

अशाच एका पेटीसोबत मी एक पूर्ण दुपार लॅबच्या चाचणी चेंबरमध्ये घालवली होती. १७५ मेगाहर्ट्झला आकडा ४६ येत होता. सोबतच्या तरुण इंजिनिअरने केबलवर तीन फेराइट (केबलवरचा गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) चढवले, क्लॉकवर कपॅसिटर टाकला, झाकणाच्या कडेला तांब्याची टेप लावली. सुई ४४च्या खाली येईना. मी कनेक्टरभोवतीचे चार स्क्रू काढले तेव्हा खाली गुळगुळीत, सुंदर पावडर कोट दिसला. कवचाचे स्प्रिंगचे पंजे बरोबर त्या रंगावर टेकलेले होते. दिसायला घट्ट, विजेच्या दृष्टीने अधांतरी. ब्लेडने कवचाभोवती बोटभर रुंदीची चौकट खरवडली, धातू चमकायला लागल्यावर स्क्रू परत आवळले, टर्नटेबल पुन्हा फिरवलं. आकडा ३४. बाकी काहीही बदललं नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रयोग हाच. वायर काढा, कनेक्टरभोवतीचा रंग खरवडा, आणि कवच चारी बाजूंनी पेटीला टेकवा. तात्पुरती तांब्याची टेप चालेल, पण तिचा गोंदही वाहक हवा. साध्या गोंदाच्या टेपने पुन्हा तीच फसगत होते. कायमचा उपाय म्हणून पेटीच्या ड्रॉइंगवर तेवढा भाग रंगाविना ठेवायची खूण करा आणि मध्ये स्प्रिंग गॅस्केट द्या. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगमध्येही शील्डची अशीच शेपटी सोडलेली नाही ना, तेही उघडून बघा.

हे टेबलावर मोजता येतं, त्यासाठी चेंबर लागत नाही. एक आरएफ करंट क्लॅम्प आणि एक साधा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर पुरेसा. क्लॅम्प केबलभोवती पेटीच्या तोंडाशी लावा, बँडविड्थ १२० किलोहर्ट्झ, डिटेक्टर पीक, मॅक्स होल्ड चालू. उपकरण बंद ठेवून एकदा आलेख घ्या, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली एफएम स्टेशनं तुमच्या माथी मारली जाणार नाहीत. मग उपकरण चालू करा आणि क्लॅम्प केबलवरून हळूहळू सरकवा; प्रवाह सगळीकडे सारखा नसतो, सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. मी क्लास बीसाठी ३ मायक्रोअँपिअर ही माझी रेषा धरतो. क्लॅम्पचा ट्रान्सफर इम्पिडन्स (दर अँपिअरला तो किती व्होल्ट देतो ते) ५ ओहम असेल तर अ‍ॅनालायझरवर ते १५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे उणे ८३ डीबीएमच्या आसपास दिसतील. इतका बारीक आकडा दिसायला कधी प्रीअँप्लिफायर लागतो. चेंबरमधल्या निकालाची ही भविष्यवाणी नव्हे, पण या रेषेच्या बरंच खाली असलेलं उपकरण केबलमुळे नापास होताना मी फारच क्वचित पाहिलंय.

केबल काढून टाकल्यावर शिखर पडलं म्हणून लगेच खूश होऊ नका. इथरनेटची केबल काढली की लिंक तुटते आणि काही चिप अर्ध्या झोपेत जातात. गोंगाट करणाराच झोपला तर आकडा पडणारच. त्यापेक्षा केबल जागेवर ठेवा, डेटा चालू ठेवा आणि शील्डची जोडणी बदलून फरक बघा. २४ व्होल्टच्या केबलवरही क्लॅम्प लावून घ्या. तिचं नाव तुमच्या प्रश्नात ओझरतं आलंय, पण शील्ड नसलेली तीच एक केबल आहे, आणि इथरनेटचं तोंड बंद केलं की गोंगाट तिच्याकडे वळू शकतो.

नियर फील्ड प्रोबही (बोर्डाजवळ धरून गोंगाट शोधायचा छोटा प्रोब) वापरा, पण त्याची मर्यादा ओळखून. बोर्डावर प्रोब फिरवला की क्रिस्टलवर मोठा आकडा दिसणारच. तिथे २५ मेगाहर्ट्झ जन्माला येतात. तो आकडा ३ मीटरवर किती होईल हे प्रोब सांगू शकत नाही. मी तो फक्त बोर्डाच्या कडा, ग्राउंड प्लेनमधल्या (बोर्डातल्या तांब्याच्या सलग थरातल्या) चिरा आणि कनेक्टरच्या पिना तपासायला वापरतो, म्हणजे जिथे गोंगाट असायला नको तिथे.

फेराइटबद्दल एक हिशेब सांगतो, कारण घाबरलेला माणूस आधी फेराइटच्याच मागे धावतो. केबलच्या कॉमन मोड वाटेचा अडथळा समजा १५० ओहम आहे. २०० ओहमचा एक फेराइट चढवला की प्रवाह १५० भागिले ३५० होतो, म्हणजे सात-साडेसात डीबी खाली. दुसरा तसाच चढवला तर एकूण ११ डीबी. दुसऱ्याने जेमतेम चार दिले. तिसऱ्याचं काय होणार ते उघड आहे. पहिला फेराइट पेटीच्या तोंडाला चिकटून लावा, आणि त्याने काहीच फरक पडला नाही तर दोष त्या केबलवर नाही असं समजून पुढे जा.

क्लॉकच्या कडा मंद करायचा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. चिपच्या पायाशी ३३ ओहमचा सीरिज रेझिस्टर टाकणं चांगलंच आहे, रिंगिंग कमी होतं. पण तुमच्या दुखण्यावर तो किती लागू पडेल? चौकोनी लहरीचा स्पेक्ट्रम १ भागिले (π गुणिले चढण्याचा वेळ) या फ्रिक्वेन्सीनंतर जास्त वेगाने पडू लागतो. १ नॅनोसेकंदाच्या कडेला ही मर्यादा ३२० मेगाहर्ट्झच्या आसपास असते, ३ नॅनोसेकंदाला सुमारे १०६. म्हणजे कड तिप्पट मंद करूनही १२५ला दीड डीबी आणि १७५ला चार-साडेचार डीबी हाती लागतील. ५०० मेगाहर्ट्झचा त्रास असता तर मी हाच उपाय आधी सुचवला असता.

बोर्ड नव्याने आखायची वेळ आलीच तर एक गोष्ट आधी तपासा: २५ मेगाहर्ट्झची ट्रेस खालच्या ग्राउंड प्लेनमधली एखादी चीर ओलांडते का? वरचा प्रवाह ट्रेसमधून जातो तेव्हा परतीचा प्रवाह बरोबर तिच्याखालून येऊ पाहतो. चीर आली की त्याला वळसा पडतो, त्या वळशावर व्होल्टेज उभं राहतं, आणि तेच व्होल्टेज केबलला ढकलतं. सर्किट डायग्रामवर ही परतीची वाट कुठेच काढलेली नसते, म्हणून ती नजरेतून सुटते. मी बोर्ड तपासताना प्रत्येक वेगवान ट्रेसवर बोट ठेवतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने परतीचा प्रवाह कुठून येईल ते काढत जातो. पोरकट वाटेल, पण दुसरं बोट जिथे अडखळतं तिथे काम निघतं.

आता स्टँडर्ड. इथे गोंधळ होतो कारण लोक खालून वर वाचतात. आयईसी ६१०००-४ मालिका फक्त चाचणी कशी करायची ते सांगते: ४-२ ईएसडी, ४-३ रेडिएटेड फील्ड, ४-४ फास्ट ट्रान्झियंट, ४-५ सर्ज, ४-६ कंडक्टेड आरएफ. कोणत्या पातळीला आणि कोणत्या निकषावर पास व्हायचं हे तुमच्या उत्पादनाचं स्टँडर्ड ठरवतं. म्हणून आधी उत्पादनाचं शोधा, ते नसेल तर उत्पादनगटाचं, आणि तेही नसेल तर आयईसी ६१०००-६ मधली सर्वसाधारण स्टँडर्ड. मल्टिमीडिया आणि आयटी उपकरणांना एमिशनसाठी सीआयएसपीआर ३२, इम्युनिटीसाठी सीआयएसपीआर ३५ (सीआयएसपीआर ही रेडिओ गोंगाटाची स्टँडर्ड ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती). मोजमाप, नियंत्रण आणि प्रयोगशाळेच्या उपकरणांना आयईसी ६१३२६-१. तुमचा कंट्रोलर मला या शेवटच्या गटातला वाटतो, आणि त्यात एमिशनच्या मर्यादा सीआयएसपीआर ११ मधून येतात.

यातून एक मोह उभा राहतो, आणि तुम्हाला कुणीतरी तो दाखवेलच. उपकरण फक्त कारखान्यात वापरायचं असेल तर क्लास ए लागू होतो, तो १० डीबीने सैल आहे, आणि तुमची ६ डीबीची चूक कागदावर नाहीशी होते. उपयोग खरोखर औद्योगिक असेल तर क्लास ए घेणं पूर्णपणे रास्त आहे. पण औद्योगिक वातावरण निवडलं की इम्युनिटी कडक होते: साध्या वातावरणात ३ व्होल्ट प्रति मीटरचं फील्ड सोसायचं असतं, तिथे १० सोसावं लागतं. ज्या फटीतून तुमचा गोंगाट बाहेर येतोय ती फट तशीच ठेवून तुम्ही तिप्पट जोराच्या फील्डसमोर उभे राहाल. मी असतो तर फट बुजवून क्लास बी पास होतो का ते आधी पाहिलं असतं, मग वर्ग ठरवला असता.

अमेरिकेसाठी एफसीसी या तिथल्या नियामक संस्थेच्या नियमांतल्या भाग १५ चे आकडे वेगळे आहेत. ३ मीटरवर क्लास बीला ८८ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये ४३.५ डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर. युरोपात २०१४/३०/ईयू हा निर्देश २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. त्यात मर्यादांचे आकडे नाहीत, ते हार्मोनाइज्ड स्टँडर्डमधून येतात, आणि तिथे आवृत्तीचं वर्ष महत्त्वाचं असतं. आत वापरलेल्या प्रत्येक मॉड्यूलवर सीईची खूण आहे म्हणून पूर्ण उपकरण आपोआप पास, असं मात्र कधीच धरू नका. मॉड्यूलची चाचणी झाली तेव्हा तुमची पेटी आणि तुमची केबल तिथे नव्हती.

क्वासी-पीक हा शब्द रिपोर्टमध्ये येईल, त्याचाही खुलासा करतो. सीआयएसपीआर १९३४ मध्ये सुरू झाली ती रेडिओ ऐकणाऱ्यांना खरखरीपासून वाचवायला. एखादी टकटक कानाला किती सलते ते ती किती वेळा होते यावर ठरतं, म्हणून हा डिटेक्टर पटकन भरतो आणि सावकाश रिकामा होतो. ३० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये भरायला १ मिलिसेकंद, उतरायला ५५०. तुमच्यासारख्या अखंड क्लॉकला पीक आणि क्वासी-पीक जवळजवळ सारखेच येतात, तेव्हा 'क्वासी-पीकला कमी येईल' ही आशा सोडा. पीकला पास झालेलं क्वासी-पीकला पास होतंच.

ईएसडीकडे परत येऊ. या चाचणीला निकष बी पुरतो: झटक्याच्या वेळी डिस्प्ले लुकलुकला तरी चालेल, पण आपोआप सावरला पाहिजे. माणसाला येऊन वीज बंद-चालू करावी लागली तर तो निकष सी, म्हणून तुम्ही नापास. त्यामुळे वायर दुरुस्त केल्यावरही फर्मवेअरमध्ये दोन कामं करा. डिस्प्लेची रजिस्टर ठरावीक वेळाने पुन्हा लिहा, कारण झटक्याने बिघडलेलं रजिस्टर स्वतःहून दुरुस्त होत नाही. डिस्प्ले आय-टू-सी बसवर असेल तर बस अडकल्याचं ओळखून क्लॉकचे ९ पल्स द्या आणि बस मोकळी करा. याशिवाय मेन प्रोसेसरचा वॉचडॉग (प्रोसेसर अडकला की त्याला रीसेट करणारा टायमर) खरोखर चालू आहे ना ते बघा. डीबगिंगच्या वेळी बंद केलेला वॉचडॉग तसाच चाचणीला गेलेला मी एकदा नाही, अनेकदा पाहिलाय.

लॅबला जाताना दोन बोर्ड न्या, एकावर बदल करता आला पाहिजे. वाहक गोंदाची टेप, काही फेराइट, कपॅसिटर, ब्लेड आणि स्क्रू ड्रायव्हर सोबत ठेवा. चाचणीच्या वेळी उपकरण काय करत असेल आणि काय झालं तर नापास धरायचं, हे आधी लिहून लॅबला द्या. ऐनवेळी तोंडी ठरवलं की वाद होतात. मर्यादेच्या खाली किमान ६ डीबी जागा ठेवायचं लक्ष्य धरा. दुसऱ्या लॅबमध्ये, केबल वेगळी मांडली की दोन-चार डीबी सहज हलतात. एका वेळी एकच बदल करा, पण फरक न पडलेला बदल लगेच काढू नका. बादलीला दोन भोकं असतील आणि तुम्ही लहान भोक आधी बुजवलं तर गळती तेवढीच दिसते; मोठं बुजल्यावर लहानाची किंमत कळते. पास झाल्यावर मग एकेक काढून बघा.

चाचण्यांच्या क्रमात सर्ज (तारांवरून येणारा मोठा व्होल्टेजचा धक्का) सगळ्यात शेवटी ठेवा, तिथे बोर्ड मेला तर निदान बाकीचे निकाल हातात असतात. आणि ईएसडीसाठी टीव्हीएस डायोड (झटका बाजूला वळवणारे डायोड) किंवा कपॅसिटर नव्याने टाकले असतील तर एमिशन पुन्हा मोजून घ्या. त्या भागांनी झटक्याला वाट दिली तशीच २५ मेगाहर्ट्झलाही नवी वाट दिलेली असते, आणि ती कुठे जाते हे क्लॅम्पशिवाय कळत नाही.